रांगोळीच्या कणाएवढा मणी



औरंगपुरा हा छत्रपती संभाजीनगरचा विद्येचा परिसर. निजामी राजवटीत, १९१५ साली, ज्या सरस्वती भुवनाचा पाया घातला गेला, त्या संस्थेचे विज्ञान महाविद्यालय याच परिसरात उभे आहे. येथील पुस्तकांच्या दुकानांतून दर वर्षी जून महिन्यात बारावीचे रसायनशास्त्र घरोघर जाते. त्या पुस्तकातील जैवरेणूंच्या प्रकरणात एक छोटीशी अभिक्रिया असते. एका अमिनो आम्लाचा कार्बॉक्सिल गट आणि दुसऱ्या अमिनो आम्लाचा अमिनो गट एकत्र येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध तयार होतो. विद्यार्थी हे समीकरण पाठ करतो, उत्तरपत्रिकेत लिहितो आणि दोन गुण मिळवतो.

परंतु दोन गुणांची ही ओळ प्रत्यक्ष प्रयोगशाळेत हुकमी करून दाखवण्यासाठी रसायनशास्त्राला साठ वर्षे लागली. जर्मन शास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी दोन अमिनो आम्लांची पहिली जोडी १९०१ साली जुळवली. अशी पन्नास आम्ले ठरलेल्या क्रमाने, एकही चूक न होता जोडायची रीत मात्र १९६३ साली हाती आली. ती मिळवून दिली एका मण्याने. हा मणी रांगोळीच्या बारीक कणाएवढा, दिसायला साधा, आणि वर्गाने प्लॅस्टिकचा. आजच्या व्याख्यानाचा विषय हा मणी आहे. कारण प्रसूतिगृहातील इंजेक्शनापासून मधुमेहावरील नव्या औषधांपर्यंत अनेक ठिकाणी त्याने अदृश्यपणे काम केलेले आहे, आणि तो कोण बनवतो या प्रश्नाशी उद्याच्या औषधांची किंमत जोडलेली आहे.

अक्षरांचा क्रम आणि जीवनाचा अर्थ

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. साखळी फार लांब झाली आणि विशिष्ट पद्धतीने दुमडली की तिला प्रथिन म्हणायचे. निसर्ग या कामासाठी मुख्यत्वे वीस अमिनो आम्ले वापरतो. मराठीची वर्णमाला जशी मर्यादित, पण तिच्यातून अभंगही होतो आणि कायद्याचे कलमही होते, तसेच हे आहे. अर्थ अक्षरांत नसतो, तो त्यांच्या क्रमात असतो. 'कमल' या शब्दातील अक्षरे तीच ठेवून क्रम बदलला, तर 'कलम' होते. पेप्टाइडातील एका आम्लाची जागा चुकली, तर औषध निरुपयोगी ठरू शकते, क्वचित घातकही ठरू शकते.

ऑक्सिटोसिन हे संप्रेरक अवघ्या नऊ अमिनो आम्लांचे. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन घडवणारे आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे हे द्रव्य आज गावच्या आरोग्य केंद्रातही लागते. अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यु विन्यो यांनी ते १९५३ साली प्रथम प्रयोगशाळेत घडवले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नऊ आम्लांच्या जुळणीचा एवढा मोठा गौरव का झाला असेल? कारण त्या काळी प्रत्येक जोडणीनंतर तयार झालेला पदार्थ द्रावणातून वेगळा काढावा लागे, शुद्ध करावा लागे, तपासावा लागे आणि मगच पुढची जोडणी करता येई. प्रत्येक टप्प्यावर थोडा माल भांड्याला चिकटून, गाळणीत अडकून, स्फटिक होताना मागे राहून वाया जाई. साखळी वाढत जाई आणि हातातील माल घटत जाई.

इन्सुलिनच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठीण होती. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले, दोन साखळ्या, आणि त्यांना बांधणारे गंधकाचे पूल. साठच्या दशकात अमेरिका, पश्चिम जर्मनी आणि चीन या तीन देशांतील गट त्यामागे लागले होते. १९६५ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी जुन्याच द्रावण पद्धतीने, मोठ्या मनुष्यबळाच्या आधारे, स्फटिकरूप इन्सुलिन तयार करून दाखवले. शेजारच्या देशाने त्या काळी या विद्येत घातलेले श्रम आज कोणत्या रूपाने फळाला आले आहेत, हे पुढे येणारच आहे.

तांदूळ धुण्याची रीत

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ब्रूस मेरिफिल्ड नावाचे संशोधक याच कंटाळवाण्या पद्धतीने काम करत होते. २६ मे १९५९ या दिवशी त्यांनी आपल्या वहीत एक कल्पना नोंदवली. पहिले अमिनो आम्ल एखाद्या न विरघळणाऱ्या घन पदार्थाला पक्के बांधून टाकले तर? मग पुढचे प्रत्येक आम्ल त्याला जोडत जायचे. साखळी सतत त्या घन पदार्थाला धरून राहील. उरलेली रसायने आणि टाकाऊ पदार्थ द्रावकाने धुऊन गाळून टाकायचे. शुद्धीकरणाचे सारे अवघड काम केवळ धुण्यावर येईल.

स्वयंपाकघरात गृहिणी तांदूळ धुते तेव्हा हेच घडते. तांदूळ भांड्यात राहतो, गढूळ पाणी निघून जाते. पुन्हा पाणी, पुन्हा निथळणे. दाणा हातचा जात नाही, म्हणून कितीही वेळा धुता येते. मेरिफिल्ड यांच्या कल्पनेत तांदळाच्या दाण्याची जागा मण्याने घेतली.

कल्पना वहीत लिहिणे सोपे होते, पण ती सिद्ध करण्यात पुढची चार वर्षे गेली. सेल्युलोजसह अनेक पदार्थ वापरून पाहिले आणि सोडून दिले. अखेर उपयोगी पडले पॉलिस्टायरिनचे मणी. १९६३ साली चार अमिनो आम्लांच्या एका छोट्या साखळीवर हे तंत्र सिद्ध झाल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये नऊ आम्लांचे ब्रॅडिकायनिन झाले, १९६६ मध्ये इन्सुलिन झाले. जोडणी आणि धुणे ही तीच तीच क्रिया असल्यामुळे मेरिफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराच्या तळघरात तिचे यंत्रही बनवले. खुंट्या बसवलेला एक फिरता पिंप ठरल्या वेळी ठरली झडप उघडत असे. १९६९ साली १२४ अमिनो आम्लांचे रायबोन्युक्लिएज हे विकर याच रीतीने घडवले गेले. त्यासाठी ३६९ रासायनिक अभिक्रिया आणि ११,९३१ लहानमोठ्या क्रिया कराव्या लागल्या. १९८४ साली मेरिफिल्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जपमाळेत अनेक मणी एका दोऱ्यात ओवलेले असतात. येथे उलटे आहे. येथे एका मण्यातून असंख्य माळा उगवतात.

मण्याची घडण

हा मणी घडतो कसा? त्याची रीत डाळीच्या फोडणीइतकी ओळखीची वाटावी अशी आहे. तेल पाण्यात टाकून जोराने ढवळले की तेलाचे थेंब होतात. स्टायरिन हा तेलासारखा द्रव पदार्थ, त्यात डायव्हिनाइल बेन्झीन नावाचा दुसरा द्रव अल्प प्रमाणात मिसळतात, अभिक्रिया सुरू करणारे रसायन घालतात आणि हे मिश्रण पाण्यात ढवळत तापवतात. थेंब एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पाण्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखा पदार्थ असतो. ढवळत असतानाच प्रत्येक थेंब आतून घट्ट होत जातो आणि काही तासांत त्याचा वाटोळा मणी होतो. ढवळण्याचा वेग, पात्राचा आकार, तापमान यांवर मण्याचा आकार ठरतो. पेप्टाइडसाठी वापरले जाणारे मणी साधारण ७५ ते १५० मायक्रॉन व्यासाचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

सारे रहस्य त्या डायव्हिनाइल बेन्झीनच्या प्रमाणात आहे. पॉलिस्टायरिनच्या लांब साखळ्यांना ते आडवे बांधते. बाजेच्या विणीसारखेच समजा. वीण फार घट्ट असेल तर आत काही शिरत नाही, फार सैल असेल तर बाज झोळी होते. पाणी मृदू करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मण्यांत हे प्रमाण साधारण आठ टक्के असते, म्हणून ते टणक असतात. पेप्टाइडच्या मण्यात ते जेमतेम एक टक्का असते. असा मणी योग्य द्रावकात टाकला की भिजलेल्या साबुदाण्यासारखा फुगतो, मूळ आकारमानाच्या कित्येक पट होतो. पण वीण शाबूत असल्यामुळे त्याची लापशी होत नाही.

हे फुगणे फार महत्त्वाचे. सामान्य समज असा की साखळ्या मण्याच्या पृष्ठभागावर वाढत असतील. प्रत्यक्षात बहुसंख्य साखळ्या मण्याच्या आत, त्या फुगलेल्या विणीच्या पोकळ्यांत वाढतात. एका ग्रॅममध्ये असे अठरा-वीस लाख मणी बसतात आणि एका मण्यात शंभर लाख कोटींहून अधिक साखळ्या एकाच वेळी वाढू शकतात. मणी फुगला नाही, तर आतील दारे बंद राहतात आणि बाहेर ओतलेले महागडे अमिनो आम्ल धुण्यात वाहून जाते.

मण्यावर साखळी बांधायला एक 'आकडा' लागतो. मेरिफिल्ड यांनी क्लोरोमिथिल गटाचा आकडा वापरला. तो इतका पक्का होता की साखळी सोडवण्यासाठी हायड्रोजन फ्लोराइडसारखे काच खाणारे, प्राणघातक आम्ल लागे. पुढे सौम्य आम्लाने सुटणारे आकडे आले. १९७३ साली वँग यांचे रेझीन आले, १९८७ साली रिंक यांचे आले, त्याच सुमारास ग्रीसमधील बार्लोस यांनी ट्रिटिल रेझीन विकसित केले. अमिनो आम्लाचे दुसरे टोक तात्पुरते झाकणारा 'एफमॉक' हा संरक्षक गट सत्तरच्या दशकाच्या आरंभी आला. त्यामुळे प्रत्येक फेरी सोपी झाली. टोपी काढा, धुवा, नवे आम्ल जोडा, धुवा, पुन्हा टोपी काढा.

नव्याण्णव टक्क्यांचा हिशेब

मेरिफिल्ड यांच्या काळी या पद्धतीवर टीकाही झाली, आणि टीकाकारांचा मुद्दा खोटा नव्हता. जुन्या पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर माल शुद्ध होत असे. मण्यावरच्या पद्धतीत धुण्याने बाहेरचा कचरा जातो. परंतु ज्या साखळीला एखादे आम्ल जोडायचे राहून गेले, ती अपुरी साखळीही मण्यालाच चिकटलेली असते. ती धुतली जात नाही. पुढच्या फेरीत तिच्यावर पुढचे आम्ल बसते आणि मधले एक अक्षर गाळलेला शब्द तयार होतो. खरा आणि खोटा, दोघेही शेवटपर्यंत शेजारी वाढत राहतात.

येथे एक छोटा हिशेब करून पाहावा. ३१ अमिनो आम्लांच्या साखळीत ३० जोडण्या. प्रत्येक जोडणी ९५ टक्के पूर्ण झाली, तर अखेरीस बरोबर साखळ्या उरतात सुमारे २१ टक्के. ९८ टक्के झाली, तर सुमारे ५५. ९९ टक्के झाली, तर ७४. साडेनव्याण्णव टक्के झाली, तर ८६. आणि प्रत्येक जोडणी ९९.९ टक्के झाली, तरच ९७ टक्के. बारावीच्या निकालात ९९ टक्के मिळाले तर घरी पेढे वाटतात. मण्याच्या शाळेत ९९ टक्के म्हणजे शंभरातील सव्वीस साखळ्या चुकल्या.

ही चूक शोधण्याची एक साधी चाचणी १९७० साली कायझर यांनी दिली. थोडे मणी काढून त्यावर निनहायड्रिनचे द्रावण घालून गरम करायचे. एखाद्या साखळीचे टोक अजून उघडे, म्हणजे जोडणी अपुरी असेल, तर मणी निळे होतात. काम पूर्ण झाले असेल, तर निळेपणा येत नाही. हेच निनहायड्रिन महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी अमिनो आम्ल ओळखण्यासाठी वापरतात आणि पोलीस कागदावरचे बोटांचे ठसे उमटवण्यासाठी वापरतात. निळा मणी दिसला की पुढे जायचे नाही. तीच जोडणी पुन्हा करायची. रात्रीचे दोन वाजले असले आणि घरी जायची घाई असली, तरीही. कारण निळ्याकडे दुर्लक्ष केले, तर ती चूक शेवटी औषधाच्या कुपीत उतरते आणि तिला बाहेर काढण्याचा खर्च मूळ कामाहून अधिक होतो.

या विद्येचे मर्म येथे आहे. मण्याने काम सोपे केले, पण त्या बदल्यात करणाऱ्याकडून प्रत्येक टप्प्यावरची पूर्णता मागितली. मणी विकत मिळू शकतो. ती सवय विकत मिळत नाही.

संभाजीनगरचे इन्सुलिन आणि नवी मुंबईचे पेप्टाइड

या शहराचा पेप्टाइडशी संबंध जुना आहे. २००३ साली वोक्हार्ट कंपनीने पुनःसंयोजित तंत्राने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले आणि त्यापुढील काळात संभाजीनगरच्या औद्योगिक परिसरातील तिचा जैवतंत्रज्ञान प्रकल्प देशभर ओळखला गेला. मात्र हे इन्सुलिन मण्यावर जुळवलेले नसते. यीस्टसारख्या सूक्ष्मजीवाला इन्सुलिनचा जनुकीय संदेश देऊन त्याच्याकडून ते करवून घेतले जाते. मग मण्याचा संबंध काय? सूक्ष्मजीवांच्या काढ्यातून शुद्ध इन्सुलिन वेगळे करण्यासाठी उंच स्तंभांत भरलेले रेझीनचे मणीच लागतात. एका रीतीत मणी साखळीचा पाळणा होतो, दुसऱ्या रीतीत तो गाळणी होतो.

सर्वसाधारण नियम असा की लांब साखळ्या सूक्ष्मजीवांकडून करवून घ्याव्यात आणि चाळीस-पन्नास आम्लांपर्यंतच्या साखळ्या रसायनशास्त्राने जुळवाव्यात. पौरुष ग्रंथीच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइड नऊ आम्लांचे, ऑक्ट्रिओटाइड आठ आम्लांचे. एड्सवरील एनफ्युव्हिर्टाइड ३६ आम्लांचे. २००३ साली मान्यता मिळालेल्या या औषधासाठी १०६ टप्पे लागत, आणि तेव्हा मण्यांवरील रसायन प्रथमच टनांच्या हिशेबात गेले.

महाराष्ट्रात हे काम करणारी हेम्मो फार्मास्युटिकल्स ही कंपनी मुंबईत १९६६ साली सुरू झाली. तुर्भे येथील कारखान्यात ती केवळ कृत्रिम पेप्टाइडची मूलद्रव्ये बनवण्यावर टिकून राहिली. पेप्टाइड हा शब्दही बाजाराला ठाऊक नव्हता, तेव्हापासूनचे हे काम. २०२१ साली पिरामल फार्माने ७७५ कोटी रुपये देऊन ती विकत घेतली. एका अरुंद विषयात दशकानुदशके मुरलेल्या कौशल्याची ही किंमत होती.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयाची दुसरी शाखा बहरली. तेथे सच्छिद्र मण्यांवर पेनिसिलिन ॲसायलेजसारखी विकरे बसवण्याचे संशोधन झाले. तेथेच डॉ. कृष्ण गणेश यांनी पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लावर दीर्घकाळ काम केले. डीएनएसारखी अक्षरे, पण पाठीचा कणा पेप्टाइडसारखा, असा हा रेणू मण्यांवरच जुळवला जातो. पुढे २००६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या आयसर या संस्थेचे ते पहिले संचालक झाले.

मणी कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे यावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. आज मधुमेह आणि स्थूलता यांवर ज्या नव्या औषधांची चर्चा घरोघर आहे, ती पेप्टाइडच आहेत. सेमाग्लुटाइड ३१ अमिनो आम्लांचे, तर मार्च २०२५ मध्ये भारतात आलेले टिर्झेपेटाइड ३९ आम्लांचे. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. मूळ कंपनी त्याचा सांगाडा यीस्टकडून करवून घेते, परंतु इतरांना मण्यांची वाटही मोकळी आहे. टिर्झेपेटाइडचे तुकडे मण्यांवर घडवून मग जोडले जातात.

पेटंट संपले म्हणजे औषध आपोआप स्वस्त होत नाही. औषधाला लागणारी संरक्षित अमिनो आम्ले, जोडणीची रसायने, द्रावके आणि रेझीन हे सारे कुठून येते, यावर बरेच ठरते. १९६५ साली इन्सुलिन जुळवणाऱ्या चीनमध्ये आज संरक्षित अमिनो आम्लांचे मोठे पुरवठादार आहेत. कोरोनाच्या काळात औषधांच्या मूलद्रव्यांसाठी एका देशावर अवलंबून राहण्यातील धोका साऱ्यांनी अनुभवला. त्याच २०२० साली केंद्र सरकारने ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना मूलद्रव्यांसाठी आणली. गोळी आपली, वेष्टन आपले, नाव आपले, पण आतील द्रव्य परक्याच्या मर्जीवर, ही स्थिती स्वावलंबनाची नाही.

मग रेझीन येथे होऊ शकत नाही का? संभाजीनगरच्या अनेक वसाहतींत बोअरच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर बसवलेले असतात. त्या टाकीत पिवळसर मणी असतात आणि ठरावीक दिवसांनी त्यांना मिठाचे पाणी द्यावे लागते. ते मणी या पेप्टाइडच्या मण्याचेच थोरले भाऊ. तोच स्टायरिन, तेच डायव्हिनाइल बेन्झीन. पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची आयन एक्स्चेंज या कंपन्या असे मणी दीर्घकाळ बनवत आल्या आहेत. म्हणजे मणी पाडण्याची विद्या महाराष्ट्राच्या हाताला परकी नाही.

पेप्टाइडचा मणी स्वतंत्रपणे घडवण्याचे कामही भारतात झालेले आहे. केरळमध्ये कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठात डॉ. व्ही. एन. राजशेखरन पिल्लै आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डायव्हिनाइल बेन्झीनऐवजी अधिक लवचीक आणि द्रावकप्रेमी बंध वापरून पॉलिस्टायरिनचे नवे मणी तयार केले आणि त्यांवर पेप्टाइड जुळवून दाखवले. एका राज्य विद्यापीठात हे घडले, ही गोष्ट मराठवाड्यातील विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. शोधनिबंधापासून पिंपात भरलेल्या मालापर्यंतची वाट लांब असते. प्रत्येक खेपेला तोच आकार, तेच फुगणे, आकड्यांची तीच संख्या मिळाली पाहिजे. ती वाट चालायला उद्योग आणि विद्यापीठ यांची जोडणी लागते, आणि तीही नव्याण्णव टक्क्यांवर थांबून भागत नाही.

पाण्याचे देणे

या विद्येची एक उणी बाजू सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. तांदूळ धुण्याची उपमा सुंदर आहे, पण येथील धुणे पाण्याने होत नाही. ते डायमिथिल फॉर्मामाइडसारख्या द्रावकांनी होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात असे दिसले की मण्यांच्या पद्धतीने एक किलो पेप्टाइड मिळवण्यासाठी सरासरी सुमारे १३,००० किलो साहित्य वापरले जाते, आणि त्यात मोठा वाटा द्रावकांचा असतो. नेहमीच्या लहान रेणूंच्या औषधांना काहीशे किलो पुरतात. डायमिथिल फॉर्मामाइड गर्भाला हानिकारक मानले जाते, आणि युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ पासून त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या आहेत.

हे आकडे संभाजीनगरकरांनी गांभीर्याने घ्यावेत असे आहेत. या शहरातून वाहणारी खाम नदी पुढे गोदावरीलाच मिळते. तिच्या पुनरुज्जीवनाचे काम महापालिका आणि नागरिक यांनी अलीकडच्या वर्षांत हाती घेतले आहे. उद्या येथील औद्योगिक वसाहतींत पेप्टाइडचे कारखाने वाढले, तर ते स्वागतार्हच आहे. परंतु द्रावक उकळून परत मिळवणे, धुण्याच्या फेऱ्या कमी करणे, कमी घातक द्रावकात फुगणारा मणी शोधणे ही कामे कारखान्याच्या पहिल्या आराखड्यातच हवीत. एकाच्या मधुमेहाचे औषध दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यातून वसूल होणार असेल, तर त्याला प्रगती म्हणता येणार नाही. येथे तरुण संशोधकाला मोठे क्षेत्र मोकळे आहे. मण्याची वीण, द्रावकाची निवड आणि धुण्याची रीत हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवायचे आहेत.

श्रोतेहो, मेरिफिल्ड यांच्या वहीतील नोंद आणि पहिला शोधनिबंध यांच्यामध्ये चार वर्षांचे अंतर होते. त्या चार वर्षांत जगाला सांगण्यासारखे फारसे काही हाती नव्हते. सेल्युलोज चालले नाही, दुसरे चालले नाही, तिसरे पाहिले. संशोधनाचा बराचसा काळ असाच असतो. पालकांनी मुलांना विज्ञानाकडे पाठवताना ही चार वर्षेही मनात धरावीत. पहिल्या निकालापाशी अधीर होणाऱ्या समाजात असा मणी जन्माला येणे अवघड.

औरंगपुऱ्यातील एखाद्या प्रयोगशाळेत उद्या कुणी विद्यार्थिनी परीक्षानळीत निनहायड्रिन घालून गरम करील. द्रावण निळे-जांभळे होईल. ती निरीक्षण लिहील, अनुमान लिहील, शिक्षकांची सही घेईल. तिला त्या वेळी कुणीतरी एवढेच सांगावे की हा निळा रंग जगातील पेप्टाइडच्या प्रयोगशाळांत एक प्रश्न म्हणून विचारला जातो, 'काम पूर्ण झाले का?' ज्या दिवशी ती या प्रश्नाचे उत्तर येथेच घडवलेल्या मण्यावर शोधील, त्या दिवशी बारावीच्या पुस्तकातील त्या दोन गुणांच्या ओळीचे खरे मोल तिच्या आणि आपल्या हाती आलेले असेल.